बुधवार, पहिली शिफ्ट

रात्री दोनपर्यंत टीव्हीसमोर बसले होते
आणि पावणेपाचला गाडीच्या काचेवरचा बर्फाचा पापुद्रा
लायब्ररीच्या जुन्या कार्डानं खरवडत होते.
टोलीडो झोपलेलं.
डॉर स्ट्रीटच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोरानं
हॉर्न दाबून धरला, माझ्याकडे बघून.
मीही दाबला. थोडासा.
माझी मिरवणूक एवढीच.

कोटावर कालचा स्टिकर होता, एक कोपरा सुटलेला.
साताऱ्यात पहिल्यांदा मत दिलं तेव्हा
शाई नखाबरोबर वर सरकत गेली,
शेवटची रेघ नेलकटरनं कापली
तोवर सरकार पडलंही होतं.
इथलं मत एका धुण्यालासुद्धा टिकत नाही.

काल शाळेच्या जिममध्ये रांग,
बास्केटबॉलच्या रेघांवरून वळत गेलेली. सव्वादोन तास.
पुढची बाई घडीची खुर्ची घेऊन आली होती,
दर चार पावलांनी उघडायची, बसायची, मिटायची.
मग कागदावरचा तो लांबट गोल:
पूर्ण भरा, रेघेबाहेर जाऊ नका.
एकवीस वर्षं इथे कर भरला, बर्फ उपसला,
दोन मुलांचे दात सरळ करून घेतले,
आणि हात थरथरला तो एका गोलापाशी.
भरून झाल्यावर पुन्हा भरला.

सहाला मिस्टर टब्ज आले.
खुर्ची नंबर चार. सोम, बुध, शुक्र. नऊ वर्षं.
आज सगळे त्यांच्याकडे बघत होते
जसं लग्नघरात पाठवणीच्या वेळी मुलीच्या बापाकडे बघतात,
आता रडेल, आता काहीतरी बोलेल.
डेनिसनं केक आणला होता, पथ्याचा, चॉकलेट वगळून.
त्यांनी वजनकाट्यावर उभं राहून आधी आकडा विचारला.
मग टोपी काढली. मग ब्लँकेट मागितलं.

मी मोजे चढवत म्हटलं, मग? कसं वाटतंय?

म्हणाले, अलाबामात माझ्या आईसमोर
कारकुनानं गोळ्यांची बरणी ठेवली होती.
आत किती आहेत सांग, मग मत दे.
ती घरी येऊन बरण्या भरायची,
बटणं, शेंगदाणे, मक्याचे दाणे.
अंदाज पक्का व्हावा म्हणून मोजत बसायची.
आम्हा पोरांना वाटायचं, खेळ आहे.

मग बरोबर आला अंदाज?

पुढच्या खेपेला त्यांनी बरणी बदलली.

बाहेरून कुणीतरी ओरडत गेलं, आनंदानं, बेसूर.
आणि आता? मी विचारलं.
आता, म्हणाले, माझ्या गल्लीतला दिवा
जूनपासून बंद आहे. तो लागला की विचार.
आणि खिडकीकडे वळले.
डोळे पुसले नाहीत, म्हणून मला दिसलं.

मलाही घाईची आशा जमत नाही.
चौदा महिने नवरा घरी आहे,
कारखान्याच्या गेटला लावलेलं कुलूपसुद्धा आता गंजलंय.
एक माणूस येऊन ते उघडेल, असं मानायला
मी काही कालची नाही.

पण नोव्हेंबरात इथे विरजण लागत नाही,
तर मी ओव्हनचा नुसता दिवा लावते,
भांडं आत ठेवते, आणि सकाळपर्यंत दार उघडत नाही.
लेक म्हणतो, बघ ना, लागलं का?
बघायचं नसतं रे. हलवलं की पाणी सुटतं.
कालही लावलंय. टीव्ही बघता बघता,
विसरू नये म्हणून मोठ्यानं बोलत.

सुईच्या आधी दोन बोटं ठेवायची असतात
त्यांच्या कोपराखाली,
जिथे शिरेला धमनी जोडून दिलीय डॉक्टरांनी.
कातडीखाली तिथे एक घरघर असते,
कुशीतल्या मांजराची असते तशी.
ती लागली नाही तर पुढचं काहीच करता येत नाही.

आज जरा जास्त वेळ ठेवली बोटं.
काय, थांबलंय का? त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं. आहे.

वेळ लिहिली, सहा अठरा.
पुढची तारीख शुक्रवार.